चव्वेचाळीस इंचाचा भोपळा

टेंभुर्णीच्या अलीकडे चहासाठी गाडी हायवेवरून आत घेतली आणि धाब्याच्या तोंडाशी असलेला स्पीडब्रेकर मला दिसलाच नाही. गाडी आपटली. मागून आवाज आला – कडाक्! नारळ फुटावा तसा, पण जरा पोकळ. दोन मिनिटं मी मागे वळून बघितलंच नाही. प्रॉडक्शन सर्व्हर पडल्याचा फोन आला की लॉग उघडायच्या आधी आपण उगाच पाणी प्यायला उठतो ना, तसंच काहीसं.

मागे आईचा तंबोरा होता. दोन गोधड्या आणि वर एक सोलापुरी चादर अशा बंदोबस्तात आडवा निजवलेला. आणि त्याच्या शेजारी मीच उभं करून ठेवलेलं पंचवीस किलो ज्वारीचं पोतं. (मंगळवेढ्याची मालदांडी. पुण्यात मिळते ती आईच्या मते ज्वारीच नव्हे.) पोतं बरोब्बर भोपळ्यावर आडवं झालं होतं. गोधडी उलगडली तर भोपळ्याला हाताचा पंजा जाईल एवढं भगदाड, तिथून तीन दिशांना गेलेल्या चिरा, आणि वरच्या तबलीलाही एक उभी फट. शाळेत गणितात मिळायचा त्या भोपळ्याची भीती वाटायची. हा भोपळा त्याहून वाईट होता.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. बाबा २०२२ साली गेले. त्यानंतर आई उत्तर कसब्यातल्या घरात एकटीच होती. गुडघे कुरकुरायला लागले तरी पुण्याला यायचं नाव काढेना. शेवटी २०२५ च्या जानेवारीत तयार झाली, तेही "गड्डा झाल्याशिवाय हलणार नाही" या अटीवर. सोलापूरच्या माणसाला सिद्धेश्वराच्या यात्रेआधी घराबाहेर काढणं देवालाही जमायचं नाही, तिथे माझी काय कथा! सामान मी गाडीने आणायचं आणि ती नंतर हुतात्मा एक्स्प्रेसने येणार असं ठरलं. निघताना एवढंच म्हणाली, "बाकी काही राहिलं तरी चालेल, तंबोरा नीट ने."

हा तंबोरा आजोबांनी १९७४ साली मिरजेहून आणलेला. त्याच्यावर आईने तीस वर्षं गल्लीतल्या पोरींना गाणं शिकवलं. माझा गृहपाठ, दहावीचा अभ्यास, इंजिनिअरिंगची पीएल, सगळं त्या चार तारांच्या गुंजारवात झालं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तंबोरा उतरलाय हे मात्र झोपेतही कळतं.

आई आठ दिवसांनी येणार होती. मी तिला फोनवर सांगितलं, "अगं, जवारी करायला मिरजेला देतोय, तेवढीच सर्व्हिसिंग." ती म्हणाली, "बरं." खोटं बोलायला मी किती दिवसांनी बोललो देव जाणे, पण सॉफ्टवेअरमध्ये ज्याला आपण 'नोन इश्यू' म्हणून रिलीज नोटमध्ये खपवतो, तसलाच हा प्रकार होता.

* * *

मिरजेला जायच्या आधी एक माणूस आठवला, तो सांगून टाकतो. मी दोन वर्षं पेनसिल्व्हेनियात ऑनसाइट होतो. शेजारी एक आजोबा राहायचे, त्यांचा नाद म्हणजे लाँगरायफली बनवायच्या. अठराव्या शतकात तिकडे स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी घडवलेली ही लांबलचक नळीची बंदूक. तिचा दस्ता मेपलच्या लाकडाचा. हो, ज्याच्या चिकापासून पॅनकेकवर ओतायचा तो पाक करतात तेच झाड. आजोबांना साधं मेपल चालायचं नाही; ज्यात वाघाच्या अंगासारखे आडवे पट्टे दिसतात ते 'कर्ली' हवं. एकदा मी त्यांच्याबरोबर लाकडाच्या वखारीत गेलो. तीन तास गाडी चालवून गेलो, दहा फळ्या काढून बघितल्या आणि त्यातली एक घेतली. मी विचारलं, बाकीच्या नऊंचं काय बिघडलं होतं? ते म्हणाले, पट्टे सगळ्यांनाच दिसतात, तू इथे बघ. आणि बोट ठेवलं ते दस्त्याच्या सगळ्यात बारीक जागेवर, जिथे आपण मूठ आवळतो. तिथे लाकडाचे तंतू वळणाबरोबर वळले पाहिजेत. तंतू तिरपे निघाले की देखणा दस्ता एक दिवस तिथेच मोडणार. घेतलेली फळी घरी आणून त्यांनी पलंगाखाली सरकवली. कधी करणार म्हटलं तर म्हणाले, वाळू दे. एका इंचाला एक वर्ष.

तेव्हा मला हा सगळा म्हातारचळ वाटला होता.

* * *

मिरजेतली सतारमेकर गल्ली तुमच्यापैकी कोणी बघितली नसेल तर नक्की बघा. ओळीने दुकानं, आत लाकडाचा भुसा, लाखेच्या पॉलिशचा वास, आणि छताला टांगलेले भोपळे. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बातम्या आपण वाचल्या, फॉरवर्ड केल्या आणि विसरलो. मला मात्र जास्त गंमत वाटली ती या लोकांच्या मूळ धंद्याची. हे शिकलगार. म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रं दुरुस्त करणारे. १८५० च्या सुमारास, हत्यारांचा जमाना सरत आला असताना, फरीदसाहेब नावाच्या शिकलगारांनी गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला सुरुवात केली. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गवई मिरजेत होते, पुढे अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले आणि त्यांची कबरही इथल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. गिऱ्हाईक दाराशी, हात तयार. करिअर स्विच म्हणतात तो असा! मला पुन्हा ते बंदुकीवाले आजोबा आठवले. त्यांनी ही गल्ली बघायला हवी होती.

मी ज्या चाचांकडे गेलो त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, भगदाडात हात घालून आतून चाचपला आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

"काय पडलं ह्याच्यावर?"

"ज्वारीचं पोतं."

"मंगळवेढ्याची?"

मी हो म्हटलं. ते हसायला लागले. "भोपळा पण तिकडचाच की ओ साहेब!"

आणि मला हे तोवर माहीत नव्हतं. जन्म सोलापुरात गेला, घरात पन्नास वर्षं तंबोरा, आणि त्याचा भोपळा आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढा-पंढरपूर भागात पिकतो याचा पत्ता नाही. देशभरातल्या मैफलींत मिरजेचे तंबोरे घुमतात, त्यांची पोटं आमच्या भीमेकाठची.

चाचांचं म्हणणं असं पडलं : तबली नवी घालावी लागेल. दांडी उत्तम आहे, तिला हात लावायचा नाही. भोपळा जोडता येईल, आतून कापड आणि सरस लावून. दिसेलही बरा. "पण एवढं मोठं भोक बुजवलेलं, घुमायला कमी पडणार. बदलायचा तर ह्याच घेराचा पाहिजे." टेप लावली. चव्वेचाळीस इंच. त्यांच्याकडे पुरुषांच्या तंबोऱ्याचे मोठे भोपळे होते, सतारीचे छोटे होते, चव्वेचाळीसचा जाड सालीचा एकही नव्हता. "तुम्ही तिकडचेच ना? बघा की मिळतोय का."

तबलीचं लाकूड मात्र त्यांच्याकडे होतं. इथे त्याला लाल देवदार म्हणतात, पण देवदाराशी त्याचा काही संबंध नाही. हे तुणीचं झाड, कडुलिंबाच्या कुळातलं, आणि लाकूड येतं कर्नाटकातून. मी उत्साहाने म्हटलं, आमच्या घराच्या जुन्या सागवानी तुळया निघाल्यात, शंभर वर्षांच्या तरी असतील, त्यातली फळी दिली तर? चाचांनी माझ्याकडे दयेने बघितलं. साग तबलीला जड पडतो, म्हणाले, तबली हलली पाहिजे. मग मागच्या खोलीतून चार फळ्या आणल्या आणि एकेक कानाजवळ धरून बोटाच्या पेराने ठोकल्या. दोन ठप्प वाजल्या. तिसरी चांगली वाजली, पण तिच्या टोकाला केसासारखी बारीक चीर होती. वाळताना टोकं आधी सुकतात, तिथून लाकूड फाटत येतं. आज केसाएवढी असलेली चीर तारांचा ताण आला की आत सरकणार. चौथी फळी त्यांनी माझ्या हातात दिली. रेषा सरळ, एकमेकींना चिकटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता गेलेल्या. किती वर्षांची आहे म्हटलं तर म्हणाले, "माझ्या अब्बांनी ठेवलेली."

तिथेही पलंगाखालीच होती की काय, विचारलं नाही.

* * *

मग सुरू झाली भोपळायात्रा. सोलापूर-मिरज रस्ता मंगळवेढ्यावरूनच जातो, त्यामुळे 'घरी राहिलेलं सामान आणायला चाललोय' हे निमित्त चार विकांत पुरलं. आई एव्हाना पुण्याला आली होती. फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावून सकाळी बसायची. माझ्याकडे तंबोऱ्याची चौकशी मात्र एकदाही केली नाही, आणि तेच जास्त लागत होतं.

पहिल्या खेपेला मी मंगळवेढ्याच्या बाजारात जाऊन सरळ विचारलं, तंबोऱ्याचा भोपळा कुठे मिळेल? एका भाजीवाल्या मावशींनी आपुलकीने दुधी पुढे केला. :-) वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने त्यांचं चुकलं नव्हतं म्हणा, दोन्ही एकाच जातीचे. पण वाद्याचा भोपळा कडू असतो, जनावरही तोंड लावत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला बी टोकायचं, वेल जमिनीवर पसरू द्यायचा, आणि फळ वेलावरच जून होऊन लाकडासारखं टणक होईपर्यंत थांबायचं. फळ जमिनीवर कसं बसलंय ते येता-जाता बघायचं, कलंडलं असेल तर सारखं करायचं. नाहीतर एका बाजूने चपटं होतं. हे सगळं मला नदीकाठच्या एका शेतकऱ्याने सांगितलं. त्याच्या अर्ध्या एकरात भोपळे मांडून ठेवले होते, लांबून वाटावं मेंढरं बसलीत. बाकी चारही बाजूंना ऊस.

"पूर्वी लई जण करायचे," तो म्हणाला. "आता पाणी आलं, ऊस आला. ह्याच्यापायी सहा-सात म्हैनं रान अडकवून कोण बसतंय? आन् त्यात येखादा पूर. ईसच्या साली सगळं भीमामाईनं नेलं."

२०२० च्या ऑक्टोबरातला तो पूर मला आठवत होता. पंढरपूरचे फोटो आपण सगळ्यांनीच बघितले. त्यात कुणाचे भोपळे वाहून गेले असतील असा विचार तेव्हा मनाला शिवला नव्हता.

मी शिंप्याची टेप काढून भोपळे मोजायला लागलो तेव्हा त्याची दोन पोरं हसून हसून पडायची बाकी होती. घेर बरोबर असलेले तीन निवडले, चांगले ठोकून-बिकून, आणि पुढच्या शनिवारी विजयी मुद्रेने मिरजेला नेले. चाचांनी तीन मिनिटांत तिन्ही बाद केले. एक कच्चा काढलेला होता, वाळताना सुरकुतणार. दुसऱ्याची साल एका बाजूला पापडासारखी पातळ. तिसऱ्याचा गळा वाकडा, दांडी सरळ बसायची नाही. "तुम्ही घेर बघितला," ते म्हणाले. मला एकदम पेनसिल्व्हेनियातले ते नऊ पट्टेदार फळकुट आठवले. पट्टे सगळ्यांनाच दिसतात.

दुसरी, तिसरी खेप अशीच गेली. चांगला माल व्यापारी आधीच उचलतात, उरतो तो आमच्यासारख्या हौशांना. तिसऱ्या खेपेला मी जवळजवळ ठरवलं होतं की जोडून घ्यावा आणि विषय मिटवावा. परत निघताना एका वस्तीवर पाणी मागायला थांबलो. सत्तरीचे एक अण्णा पडवीत बसले होते, गळ्यात तुळशीची माळ. मी सहज वर बघितलं तर आढ्याला, चुलीच्या धुराने काळा कुळकुळीत झालेला एक भोपळा टांगलेला.

"अण्णा, त्यात काय आहे?"

"बी-भरण. कारळं, मटकी. का?"

मी सगळं सांगितलं. आईचा तंबोरा, ज्वारीचं पोतं, चाचा. का कोण जाणे, आईशी खोटं बोललो हेही सांगून टाकलं. अण्णा काही बोलले नाहीत. नातवाला वर चढवून भोपळा खाली काढला, बी घमेल्यात ओतलं आणि फडक्याने पुसून माझ्यापुढे ठेवला. तोंड कापलेलं होतं, पण तंबोऱ्याला तरी अख्खा कुठे लागतो? मी टेप लावली. चव्वेचाळीस आणि वर एक सूत. ठोकला, तर असा काही बोलला की मलाही कळलं.

पैशाचं विचारलं. "पैशाचं काय न्हाई. मी इथल्या भजनात वीणा घेऊन हुबा राहतो एकादशीला. तिला बी भोपळाच असतोय की," अण्णा म्हणाले. मी भारावून काहीतरी बोलणार एवढ्यात पुढे म्हणाले, "पण माझं बी कशात ठेवू? झाकणाची येक टाकी आणून द्या. उंदीर शिरू नये अशी."

मंगळवेढ्यात जाऊन घट्ट झाकणाचा पत्र्याचा मोठा डबा आणून दिला. त्यांनी झाकण चार वेळा लावून-काढून बघितलं, मगच भोपळा गाडीत ठेवू दिला. सीटबेल्ट लावून पुढच्या सीटवर ठेवला. मागे काहीही ठेवलं नव्हतं.

चाचांनी तो भोपळा उन्हात धरला, नख मारून बघितला, वास घेतला. "कुठनं आणला?" एवढंच विचारलं. मग पाण्यात भिजत घातला. भिजला की आतून काटक्या ताणून त्याला हवा तसा आकार द्यायचा, पुन्हा वाळवायचा, मग कापायचा आणि जोडायचा. मी विचारलं, कधी होईल? म्हणाले, वाळू दे.

* * *

जूनमध्ये तंबोरा घरी आणला. पॉलिश नवं होतं, पण चाचांनी रंग जुन्या दांडीशी असा जुळवला होता की मला स्वतःला फरक कळला नसता. आईने तो खोळीतून काढला, चष्मा लावला. भोपळ्यावरून एकदा हात फिरवला आणि एक टिचकी मारली.

"भोपळा बदललास."

मी काही बोलायच्या आत ती आत गेली आणि औषधांच्या डब्यातून एक वस्तू आणून माझ्यासमोर ठेवली. पिवळट-तपकिरी तुकडा, रुपयाच्या नाण्याएवढा, एका बाजूला जुनं पॉलिश.

"गाडीत सीटखाली सापडला. फेब्रुवारीत, आपण चतुःशृंगीला गेलो तेव्हा."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

चार महिने! मी टेंभुर्णीपासून सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मध्येच अण्णांच्या डब्यावर खुदकन हसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग ती तंबोरा घेऊन बसली. घोडीवर तारांखाली दोरा सरकवला, मणी पुढेमागे केले. तिचा स्वर काळी चार. लहानपणापासून घरात तोच ऐकलाय, म्हणून मी वाट बघत होतो तो तिथे पोचायची. तो तिथे पोचलाच नाही. तिने जोडी लावली, थोडं गुणगुणली, थांबली, खुंटी सैल केली. परत गुणगुणली. परत सैल. शेवटी पांढरी चारवर थांबली. तीन स्वर खाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नवा भोपळा आहे, त्याला एकदम ताण नको."

मी हो म्हटलं.

"घे, तू धर. घाई करायची नाही, तार तोडायची नाही, नुसतं बोट ठेवून सोडायचं."

मी आयुष्यात पहिल्यांदा तंबोरा छेडला. तिने बंदिश वगैरे काही घेतली नाही, नुसता षड्ज लावला. मध्ये दम लागला की थांबायची आणि पुन्हा लावायची. पंधरा-वीस मिनिटांनी म्हणाली, "बास. बोटं दुखली असतील."

दुखली होती.